पोटावर जुने टाके असतील तर?

पहिला प्रश्न असा: जुनी शस्त्रक्रिया पोटात झाली होती की थेट जठरावर? सिझेरियन, अपेंडिक्स, पित्ताशय यांमुळे वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेची वाट सहसा अडत नाही. जठरच कापलं-शिवलं असेल, तर गणित बदलतं. आम्लपित्तासाठी जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळलेला असेल, तर तो आधी सोडवावा लागतो. मग स्लीव्हपेक्षा (जठर कापून अरुंद करण्यापेक्षा) जठराचा बायपास बहुधा बरा. स्लीव्हनंतर तीव्र जळजळ होत असेल, तरी पर्याय बायपासचाच. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्यांना वजन घटवण्यासाठीचा फुगा जठरात बसवत नाहीत. त्यांनी सेमाग्लुटाइडसारख्या वजन घटवणाऱ्या इंजेक्शनांबद्दल आधी डॉक्टरांशी बोलावं.

ऑपरेशन लोणीला, विळद घाटात, पुण्यात, कुठंही झालेलं असो, केवळ डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नका. शस्त्रक्रियेची सविस्तर नोंद मागाच! जठराचा कोणता भाग आणि कोणत्या रक्तवाहिन्या उरल्या, हे तिच्यातूनच कळतं. नव्यानं एंडोस्कोपीही हवी.

आता वजनाच्या अटीबद्दल: २०२२च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार आशियाई लोकांत बीएमआय (उंचीच्या तुलनेत वजनाचा निर्देशांक) २७.५ पासून वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार होतो. आरोग्य विम्याची नेहमीची अट मात्र ४०, किंवा गंभीर आजारांसह ३५.