शेवटचा पेपर झाला, पार्टी करा. पण दारूबंदी आणि भरतीचा फॉर्म दोन्ही लक्षात ठेवा

धानोरा : पदवीच्या शेवटच्या वर्षाचा शेवटचा पेपर सुटला की कॉलेजच्या गेटसमोर गर्दी होते. शर्टावर पेनानं सह्या, ग्रुप फोटो, चौकात केक. मग वर्गणी काढून कोंबडी आणि जंगलाच्या कडेला नाही तर नदीवर पार्टी. तालुक्यातल्या कितीतरी घरांत पदवीपर्यंत पोचलेलं हे पहिलंच पोरगं असते. गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये झालं, त्याआधी इथल्या कॉलेजांचा कारभार नागपूर विद्यापीठाकडं होता. घरात पहिला पदवीधर होतोय म्हटल्यावर आनंद तर होणारच.

अडचण येते ती बाटलीची. चंद्रपूरची दारूबंदी २०२१ मध्ये उठली, त्यामुळे 'आता आपल्याकडंही चालते' असा काही पोरांचा समज झाला आहे. तसं नाही. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूरवरून किंवा मुरूमगावकडून सीमेपलीकडच्या छत्तीसगडमधून डिक्कीत टाकून आणली तरी तो गुन्हाच. पिणं, जवळ ठेवणं, वाहून नेणं, तिन्ही गोष्टींवर केस होते. मोहफुलं वेचणं वेगळं आणि त्याची दारू गाळणं वेगळं, हेही ध्यानात घ्या.

'दंड भरू न सुटू' असं म्हणणारे मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये असतात. पण त्याच ग्रुपमधले निम्मे पोलीस भरतीसाठी सकाळी रस्त्यावर धावत असतात. भरतीत मैदान मारलं, लेखी निघाली, यादीत नाव आलं, तरी पुढं चारित्र्य पडताळणी असते. साक्षांकन नमुन्यात गुन्हा, अटक, कोर्टातली केस याबद्दल विचारलं जाते. तिथं 'नाही' लिहिलं आणि ठाण्याच्या नोंदीत नाव निघालं, तर केसपेक्षा लपवणं जास्त महागात पडते. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ च्या अवतार सिंह प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे : क्षुल्लक प्रकरण असेल तर नेमणूक करणारं खातं ते सोडून देऊ शकते, पण खोटी माहिती हे नेमणूक रद्द करायचं कारण ठरू शकते. म्हणून आधीच केस झाली असेल तर ती लिहा, आणि निकाल लागला असल्यास कोर्टाच्या आदेशाची प्रत जवळ ठेवा.

दुसरी गोष्ट नदीची. मे २०२५ मध्ये गडचिरोलीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे तीन विद्यार्थी वैनगंगेत बुडाले. उन्हाळ्यात पात्र कोरडं दिसते, पाणी गुडघाभर वाटते. पण जिथं रेती उपसली तिथं खड्डे असतात, आणि एका पावलावर पाणी डोक्याच्या वर जाते. कठाणी असो की वैनगंगा, डोहाची माहिती गावातल्या ढिवराला असते, त्याला विचारूनच उतरा. कोणी बुडत असेल तर मागोमाग उडी मारू नका. एकाला वाचवायला गेलेले दोघं-तिघं जातात, ते असंच. दुपट्टा, दोर, लांब बांबू, जे असेल ते काठावरून फेका, आरडाओरड करा, ११२ ला फोन लावा.

जंगलात चूल मांडली असेल तर निघताना पाणी ओतून, माती टाकून विझवा. मे महिन्यात पालापाचोळा वाळलेला असतो, अन् राखीव जंगलात आग लावणं हा भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे. एका गाडीवर तिघं बसून रात्री परत येणं तर नकोच.

आता निकालाचं. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ नुसार शेवटच्या पेपरपासून ३० दिवसांत, उशिरात उशिरा ४५ दिवसांत निकाल लावायचा असतो. तोपर्यंत जात वैधता, नॉन क्रिमीलेअर, डोमिसाईल अशी कागदं काढून घेता येतात. बहुतेकांचा मुक्काम मात्र तेंदूच्या फळीवरच असणार. सत्तर पानांचा पुडा बांधत पोरं सुट्टी काढतात, आणि पुढच्या ॲडमिशनची फी बऱ्याचदा त्याच पैशातून भरली जाते.