बदकांची जोडी आणि पोकरचे गणित

पोकरच्या 'टेक्सास होल्डेम' या प्रकारात खेळाडूला सुरुवातीला दोनच पत्ते मिळतात. अमेरिकी खेळाडूंनी त्यांना गमतीदार टोपणनावे दिली आहेत. दोन एक्के म्हणजे 'पॉकेट रॉकेट्स', दोन राजे म्हणजे 'काउबॉइज'. आकारावरून दोन अठ्ठ्या 'स्नोमेन' ठरल्या, तर दोन दुर्र्या 'डक्स', अर्थात बदके. दश्शी-दुर्रीला तर डॉयल ब्रन्सन यांचेच नाव मिळाले. १९७६ आणि १९७७ मध्ये 'वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर'च्या मुख्य स्पर्धेचा अखेरचा डाव त्यांनी याच पत्त्यांवर जिंकला होता.

अशा नावांमुळे लहान जोडीचा लळा लागतो आणि तोच महागात पडतो. तीन पत्तीत जोडी बऱ्यापैकी भक्कम मानली जाते. होल्डेममध्ये मात्र पुढे पाच सामाईक पत्ते उघडतात आणि त्यांतून इतरांच्या मोठ्या जोड्या सहज जुळतात. पहिल्या तीन सामाईक पत्त्यांत तिसरी दुर्री येण्याची शक्यता सुमारे १२ टक्के, म्हणजे साधारण साडेआठ डावांत एकदा. समोरच्याकडे आधीच मोठी जोडी असेल, तर अखेरपर्यंत खेळूनही पाचांत जेमतेम एकदा यश मिळते.

म्हणून जाणकार लहान जोडी स्वस्तात पुढचे पत्ते पाहता येत असतील तरच खेळतात. समोरच्याकडे आपल्या रकमेच्या किमान दहा-पंधरा पट रक्कम शिल्लक आहे ना, हेही ते पाहतात. कारण एका यशात अनेक अपयशांची भरपाई व्हावी लागते. तिसरा पत्ता आला नाही आणि समोरून रक्कम वाढली, की बदके निमूटपणे सोडून द्यावीत.