माहिती चौकट : केशवसुतांचे वैयाकरण बंधू

• कुटुंब : रत्नागिरी जिल्ह्यातील मालगुंड येथील दामले घराण्यातील कृष्णाजी केशव (1866–1905) हे ‘केशवसुत’ या टोपणनावाने आधुनिक मराठी कवितेचे प्रवर्तक ठरले, तर त्यांचे धाकटे बंधू मोरो केशव दामले (1868–1913) व्याकरणाच्या अभ्यासकांबाहेर फारसे परिचित राहिले नाहीत.

• तिसरे बंधू : सीताराम केशव दामले हे कादंबरीकार व पत्रकार होते.

• मध्य भारताशी संबंध : केशवसुतांचे काही शिक्षण नागपुरात झाले, तर मोरो केशव यांनी उज्जैनच्या माधव महाविद्यालयात अध्यापन केले.

• मुख्य ग्रंथ : ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ 1911 मध्ये प्रसिद्ध झाले. ‘शास्त्रीय’ म्हणजे केवळ नियम न देता पूर्वसूरींची मते मांडून, त्यांची चिकित्सा करून मग निर्णय देणारे.

• पूर्वपरंपरा : दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ 1836 मध्ये निघाले होते, त्यात वर्णन व अध्यापन यांवर भर होता, तर दामले यांच्या ग्रंथात तात्त्विक चर्चेवर आहे.

• प्रकाशनातील भेद : केशवसुतांचा संग्रह हरि नारायण आपटे यांनी कवीच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध केला; मोरो केशव यांचा ग्रंथ त्यांच्या हयातीतच छापला गेला.

• पुनर्मुद्रण : कृष्ण श्रीनिवास अर्जुनवाडकर यांनी संपादित केलेली या व्याकरणाची आवृत्ती 1970 मध्ये निघाली.