रिमोटवरची नाव : आधी तपासणी, मग पाणी

नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव हे अक्राणी तालुक्याचे मुख्य ठिकाण. सातपुड्यातील या तालुक्याच्या उत्तरेस नर्मदा आहे. सरदार सरोवराचे पाणी दऱ्यांत पसरल्यापासून काठावरील अनेक पाड्यांना नाव हाच रस्ता झाला. १५ जानेवारी २०१९ रोजी, संक्रांतीच्या दिवशी, भूषा येथे क्षमतेहून अधिक माणसे बसलेली नाव उलटली आणि लहान मुलांसह काहींना प्राण गमवावे लागले. अशा परिसरात मुलाच्या हाती रिमोटवर चालणारी नाव द्यायची, तर खेळाबरोबर पाण्याची शिस्तही द्यावी लागते.

हे खेळणे नव्या काळातील वाटले, तरी त्याचे मूळ जुने आहे. निकोला टेस्ला यांनी १८९८ मध्ये न्यूयॉर्क येथील प्रदर्शनात तारेविना चालणारी छोटी नाव लोकांना दाखविली. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला त्यांना तिचे पेटंट मिळाले. आजच्या नावेतही तत्त्व तेच आहे. हातातील रिमोट लहरी पाठवतो, नावेतील रिसीव्हर त्या घेतो आणि त्यानुसार मोटर व सुकाणू हलतात.

नवी नाव घरी आली, बटण दाबले आणि पंखा फिरला नाही, की ती सदोष समजून परत पाठविण्याची घाई होते. वास्तविक अशा अनेक नावांच्या तळाशी धातूचे दोन बिंदू असतात. ते पाण्याला टेकल्याशिवाय मोटर मुद्दामच सुरू होत नाही, म्हणजे कोरड्यात बोटांना इजा होत नाही. म्हणून पहिली परीक्षा घंगाळातील पाण्यात घ्यावी. सुरू करताना आधी रिमोट, मग नाव. बंद करताना आधी नाव, मग रिमोट, हा क्रम कधीही मोडू नये.

दोष शोधताना खतावणी तपासण्याची रीत उपयोगी पडते. एका वेळी एकच नोंद पाहावी. नाव मध्येच मंदावली, तर प्रथम बॅटरी पाहावी. लिथियम बॅटरीचा प्रत्येक सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट दाखवतो. तो ३ व्होल्टच्या खाली उतरू देऊ नये. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नये. बॅटरी ठीक असेल, तर पंख्यात शेवाळ किंवा दोरा अडकला आहे काय, हे बॅटरी काढून ठेवूनच पाहावे. आत पाणी शिरत असेल, तर पंख्याचा दांडा बाहेर येतो ती नळी आणि वरचे झाकण ही संशयाची पहिली ठिकाणे. नळीत ग्रीस भरलेले असावे. आज्ञा तुटकपणे पोहोचत असतील, तर रिसीव्हरची बारीक तार पाण्याच्या पातळीच्या वर आहे ना, हे तपासावे, कारण या लहरी पाण्यातून जवळजवळ जातच नाहीत.

घंगाळातच आणखी एक प्रयोग करता येतो. नावेच्या तळाशी ठेवलेले वजन तिला स्थिर ठेवते. तेच वजन वर किंवा एका कडेला ठेवले, की ती कलते. थोडे अधिक ठेवले, की उलटते. नावेत गर्दी का करू नये आणि सर्वांनी एका बाजूला का सरकू नये, हे मुलाला उपदेशापेक्षा या दृश्यातून लवकर उमगते.

प्रत्यक्ष पाण्यावर जाताना वारा पाण्यावरून आपल्याकडे येत असेल असा काठ निवडावा. बंद पडलेली नाव बहुधा स्वतःच परत येते. सोबत लांब दोरीला बांधलेला चेंडू असावा. तो नावेपलीकडे फेकून दोरी हळूहळू ओढावी. मात्र नाव अडकली, बुडाली, दिसेनाशी झाली, तरी तिच्यामागे कोणीही पाण्यात उतरू नये. धरणाच्या पाण्याखाली बुडालेली झाडे असतात आणि काठ एकाएकी खोल होतो.

खेळण्याचे नुकसान ताळेबंदात कधीतरी भरून निघते. म्हणूनच नाव सोडण्यापूर्वी मुलाकडून एकच वचन घ्यावे : ती गेली तर गेली, आपण काठावरच राहायचे.