विश्लेषण : व्होल्टेराची वेस युद्धातून वाचली, मग तट पावसाने का कोसळला?

इटलीच्या टस्कनी प्रांतात सुमारे ५३० मीटर उंचीच्या डोंगरावर व्होल्टेरा हे तटबंदीचे गाव वसले आहे. फ्लॉरेन्स, पिसा पाहून झालेले पर्यटक इथे येतात, चौकात छायाचित्रे काढतात, अलाबास्टर दगडाची एखादी वस्तू घेतात आणि परततात. मात्र या गावाची गोष्ट चौकात नाही, तटावर आहे.

तट एक की दोन?

दोन. पहिला एट्रुस्कन लोकांचा. रोमनांचा अंमल येण्यापूर्वी मध्य इटलीत या लोकांची नगरे होती आणि व्होल्टेरा त्यांतले एक प्रमुख. इ.स.पूर्व चौथ्या शतकातील त्यांचा तट सुमारे सात किलोमीटरचा होता. मध्ययुगात गाव आक्रसले, त्यामुळे तेराव्या शतकात बांधलेला आजचा तट त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. जुन्या तटाचे चुन्याविना रचलेले प्रचंड दगड अधूनमधून दिसतात.

वेस कशी वाचली?

पोर्टा आल्लार्को ही एट्रुस्कन काळातली वेस. कमानीवर दगडी मस्तके आहेत, पण ती इतकी झिजली आहेत की नाक-डोळेही ओळखू येत नाहीत. जून १९४४ च्या अखेरीस माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने दोस्त फौजांची वाट अडवण्यासाठी ही वेस सुरुंगाने उडवायचे ठरवले. गावकऱ्यांनी दुसरा मार्ग सुचवला : वाटच अडवायची ना, मग आम्ही वेस बुजवून देतो. त्यांनी लगतच्या रस्त्याच्या फरश्या उखडल्या आणि चोवीस तासांत कमान दगडांनी गच्च भरली. बायका-मुले, म्हातारी माणसे, सगळे कामाला लागले. वेस टिकली. तिथल्या शिलालेखात ही हकीकत नोंदवलेली आहे. आत शिरण्याच्या घाईत बहुतेकांचे तिकडे लक्ष जात नाही.

मग २०१४ मध्ये काय झाले?

जानेवारीच्या अखेरीस जोरदार पावसानंतर मध्ययुगीन तटाचा सुमारे ३० मीटरचा भाग ढासळला. मार्चमध्ये आणखी एका ठिकाणी पडझड झाली. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. डोंगरावरच्या गावाचा तट बाहेरून भिंत दिसतो, पण आतल्या बाजूने तो मातीचा भराव अडवून धरत असतो. वर रस्ते, घरे, माणसे आणि खाली दरी. पाऊस मुरला की भराव फुगतो, जड होतो आणि भिंतीला बाहेर रेटतो. पाणी निघून जायच्या वाटा तुंबल्या, तर हा रेटा वाढतच जातो. शत्रू बाहेरून येईल या हिशेबाने बांधलेली भिंत अशी आतून खचते. फुटलेला दगड दिसतो, मागे साचलेले पाणी दिसत नाही. त्यामुळे डागडुजीपेक्षा पाण्याचा निचरा सांभाळणे कठीण आणि खर्चिक.

डोंगरच ढासळतो आहे का?

पश्चिमेकडे, हो. तिथे वाळूच्या थराखाली चिकणमाती आहे. पाण्याने ती झिजते आणि वरचा कडा सुटतो. ‘बाल्झे’ म्हणतात त्या या कड्यांनी एट्रुस्कन थडगी, जुन्या तटाचा भाग आणि एक चर्चही गिळले.

पाहायला जायचे तर?

गावापर्यंत रेल्वे नाही. बस किंवा मोटार. मोटारीने गेलात तर ती तटाबाहेरच ठेवा, आतल्या भागात बाहेरच्या वाहनांना बंदी असते आणि दंड घरपोच येतो. (‘ट्वायलाइट’ मालिकेच्या चाहत्यांनी हेही लक्षात घ्यावे : कथानक व्होल्टेरातले असले, तरी चित्रपटाचे चित्रीकरण मॉन्तेपुल्चानोत झाले.) उत्तरेकडच्या तटावरून खाली रोमन रंगमंदिराचे अवशेष दिसतात. गावाने शतकानुशतके तटावरून कचरा टाकला तो याच जागी. १९५० च्या दशकात एन्रिको फिऊमी यांनी उत्खनन सुरू केले, तेव्हा खणायला येथील मनोरुग्णालयातले रुग्णही होते.