पितापुत्र एकाच मैदानावर

खेळाचा नाद म्हणजे वेळेचा अपव्यय, असें पुष्कळ वडील मंडळी मानतात. आणि मग बापलेकांचें बोलणें परीक्षेच्या गुणांपुरतेंच उरतें. अशा मंडळींस आम्ही अमेरिकेंतील एका कुटुंबाची हकीकत सांगूं इच्छितों.

केन ग्रिफी हे बेसबॉलपटू सिनसिनाटीच्या रेड्स संघांत होते. त्या संघानें १९७५ व १९७६ सालीं अजिंक्यपद मिळविलें. त्यांचा त्याच नांवाचा पुत्र पुढें सिअ‍ॅटलच्या मरिनर्स संघांत खेळूं लागला. ३१ ऑगस्ट १९९० रोजीं चाळीस वर्षांचा पिता व वीस वर्षांचा पुत्र त्या एकाच संघातर्फें मैदानांत उतरले. तेथील वरिष्ठ बेसबॉलमध्यें असें पूर्वीं कधींही घडलें नव्हतें. १४ सप्टेंबर रोजीं तर पित्यानें चेंडू कुंपणापार धाडून होमरन केली, आणि पाठोपाठ आलेल्या पुत्रानेंही तेंच केलें!

पित्याच्या कारकीर्दींतील होमरन १५२, पुत्राच्या ६३०. पुत्राकडून पराजय व्हावा, ही इच्छा आपल्या पूर्वजांनीं पित्यास भूषणावहच मानली आहे. पुत्रही कृतज्ञ निघाला. २००० सालीं पित्याच्या जुन्या संघांत जातांना त्यानें पित्याचाच ३० हा क्रमांक पाठीवर घेतला. २०१६ सालीं कूपर्सटाउनच्या कीर्तिमंदिरांत त्याचा समावेश झाला.

मुंज, विवाह, षष्ट्यब्दी यांच्या तिथी आपण जपतों. मुलासह आनंदानें पाहिलेल्या एखाद्या सामन्याची तारीखही त्यांच्या शेजारीं टिपून ठेवावी, अशी सुज्ञ वाचकांस आमची विनंती आहे. पुढें मुलगा दूरदेशीं गेला, तरी त्या आठवणीच्या निमित्तानें घरीं पत्र येत राहील.