तलावाचा तळ आणि नावेची वाट

खरिपाची काढणी आटोपते आणि रब्बीच्या पेरणीची वेळ येते, तेव्हा जालना जिल्ह्यातील बागायतदारापुढे एकच प्रश्न असतो : तलावात पाणी किती आहे आणि त्यातून पाळ्या किती मिळतील ? १५ ऑक्टोबरचा पाणीसाठा पाहून रब्बी व उन्हाळी हंगामाचे नियोजन होते. गहू पेरावा की हरभऱ्यावर भागवावे, हा निर्णय त्यावरच अवलंबून असतो. अंदाज चुकला आणि शेवटची पाळी आली नाही, तर गव्हाचा दाणा चिमतो व बी-खतांवर केलेला खर्च वाया जातो.

पाणीसाठा ठरविण्याची नेहमीची रीत सोपी आहे. धरणावरील पट्टीवर पाण्याची पातळी वाचतात व त्या पातळीला किती साठा असतो हे कोष्टकात पाहतात. परंतु हे कोष्टक बहुधा धरण बांधतेवेळी तयार केलेले असते. दरवर्षी नदीनाल्यांतून येणारा गाळ तळाशी बसतो. पट्टीवरचा आकडा तोच राहतो, पण त्याखालचे पाणी मात्र कमी झालेले असते.

गाळ मृत साठ्यात बसेल, असे धरणाच्या आखणीत सामान्यतः धरलेले असते. पैठण येथील जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली झाली व १९७६ साली त्याचे उद्घाटन झाले. त्याच्या २,९०९ दशलक्ष घनमीटर एकूण साठ्यापैकी २,१७१ दशलक्ष घनमीटर उपयुक्त व ७३८ दशलक्ष घनमीटर मृत साठा आखलेला आहे. याच धरणाच्या डाव्या कालव्यावर जालना जिल्ह्यातील अंबड व घनसावंगी भागांतील शेती अवलंबून आहे. गाळ मात्र आखणीप्रमाणे वागत नाही. पाण्याचा वेग जेथे मंदावतो, तेथे, म्हणजे तलावाच्या मुखाशीच, जड वाळू प्रथम खाली बसते. बारीक चिकण गाळ पुढे भिंतीपर्यंत जातो. त्यामुळे उपयुक्त साठाही घटतो.

पाण्याखालची मोजणी

भरलेल्या तलावाचा तळ मोजण्यासाठी नावेवर दोन यंत्रे ठेवतात. पहिले जीपीएस. हे आकाशातील उपग्रहांच्या संदेशांवरून नावेचे अक्षांश-रेखांश प्रत्येक सेकंदाला नोंदविते. दुसरे एको-साउंडर. हे पाण्यात ध्वनी सोडते आणि तळावर आपटून परत येणाऱ्या प्रतिध्वनीस लागलेला वेळ मोजते. गोड्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो. जाण्यायेण्याचा वेळ धरला जात असल्याने अंतराच्या निम्मी खोली घेतात.

यंत्राने दाखविलेली खोली तशीच वापरता येत नाही. समजा, यंत्राने ३.९५ मीटर खोली दाखविली आणि त्याचा ध्वनी सोडणारा भाग पाण्याखाली ०.३० मीटर आहे. तर खरी खोली ४.२५ मीटर झाली. त्या दिवशी पट्टीवर पाण्याची पातळी ९८.६० मीटर असेल, तर तळाची पातळी ९४.३५ मीटर येते. म्हणून मोजणीच्या दिवशी पट्टी वाचून नोंदविणे अत्यावश्यक आहे. काम सुरू करण्यापूर्वी धातूची पट्टी दोरीने २ व ४ मीटर खोल सोडून यंत्र तोच आकडा दाखविते का, हेही पडताळतात.

पडद्यावर नावेची वाट

दिवसभरातील हजारो नोंदी संगणकात उतरविल्यावर त्यांचा नकाशा करतात. क्यूजीआयएससारखी विनामूल्य संगणक-प्रणाली यासाठी पुरेशी आहे. प्रत्येक नोंद एक ठिपका होते. वेळेच्या क्रमाने ठिपके जोडले की नावेची वाट दिसते आणि ठिपक्यांना खोलीप्रमाणे रंग दिला की तळाचे रूप उमटते. साठ्याचे गणित करण्यापूर्वी ही वाट डोळ्यांनी तपासणे, हे या कामातील पहिले व मुख्य पाऊल होय. चुका येथेच उघड होतात.

पहिली चूक अंशांच्या लेखनाची. जीपीएसच्या नोंदीत जालन्याजवळचा अक्षांश १९५०.४ असा दिसतो. त्याचा अर्थ १९ अंश ५०.४ मिनिटे, म्हणजे १९.८४ अंश. तोच १९.५०४ अंश समजला, तर सारी वाट सुमारे ३७ किलोमीटर दक्षिणेला सरकते व नाव शेतातून गेलेली दिसते !

दुसरी चूक वेळेची. जीपीएस जागतिक वेळ नोंदविते आणि भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. दोन्ही यंत्रांची घड्याळे जुळविली नाहीत, तर एका जागेची खोली दुसऱ्या जागेला चिकटते. नाव सेकंदाला २ मीटर चालत असेल, तर एका सेकंदाच्या फरकानेही खोली २ मीटर बाजूला पडते.

तिसरी चूक जोडणीची. दोन दिवसांच्या नोंदी एकत्र जोडल्यास पहिल्या दिवसाचा शेवटचा ठिपका दुसऱ्या दिवसाच्या पहिल्या ठिपक्याला जोडला जातो आणि काठावरून आडवी सरळ रेघ निघते. म्हणून प्रत्येक फेरीस वेगळा क्रमांक द्यावा.

चौथी बाब एकाएकी उडी घेणाऱ्या खोलीची. पाणवनस्पती किंवा पाण्यातील बुडबुडे यांच्यामुळे खोटा प्रतिध्वनी येतो. असा ठिपका शेजारच्यांशी ताडून वगळावा. मात्र जुन्या नदीपात्राचा खरा खोलगा चूक समजून पुसला जाऊ नये. यासाठी समांतर फेऱ्यांना छेदणाऱ्या काही आडव्या फेऱ्या मारतात. छेदाच्या जागी दोन्ही खोल्या जुळल्या, तर मोजणीवर विश्वास ठेवता येतो.

दोन वाटांमधील रिकामी जागा संगणक अंदाजाने भरतो व नकाशा सर्वत्र सारखाच गुळगुळीत दिसतो. म्हणून अंतिम नकाशाबरोबर नावेची वाटही पाहण्यास मागावी. जेथे नाव गेलीच नाही, तेथील खोली मोजलेली नाही, हे लक्षात ठेवावे.

शेतकऱ्याचा लाभ

१०० हेक्टर पाणफुगवट्यात तळाच्या पातळीत सरासरी केवळ १० सेंटिमीटरची चूक झाली, तर १ लाख घनमीटर पाण्याचा फरक पडतो. शेतावर एका पाळीस ७.५ सेंटिमीटर पाणी धरल्यास सुमारे १३३ हेक्टरांची एक पाळी त्यात होते. वाटेतील गळती व बाष्पीभवन यात धरलेले नाही. एवढ्या शेतकऱ्यांची पाळी कागदावर असावी आणि चारीत नसावी, हे टाळण्यासाठीच ही मोजणी आहे.

दुसरा लाभ गाळ काढण्याचा. २०१७ साली शासनाने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना सुरू केली. जालना शहराला पाणी पुरविणाऱ्या घाणेवाडी तलावातील गाळही लोकसहभागातून काढण्यात आला आहे. तळाचा नकाशा हाती असेल, तर गाळ कोठे व किती जाड आहे हे ठरविता येते. मूळ नकाशाशी नवा नकाशा ताडून पाहिला की दोहोंतील फरक म्हणजे गाळाची जाडी. खोदताना भिंतीच्या पायथ्याजवळ खणू नये, तसेच मूळ थर फोडून खाली जाऊ नये. अन्यथा पाणी झिरपून जाते. गाळ शेतात टाकण्यापूर्वी त्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. हलक्या, उथळ जमिनीस तो उपकारक ठरतो. भारी काळ्या जमिनीत चिकण गाळ टाकल्यास निचरा बिघडतो.

पाणी ओसरल्यावर गाळपेर करणाऱ्यांनाही कोणत्या पातळीला कोणती जमीन उघडी पडेल, हे या नकाशावरून समजते.

गावपातळीवरील काम

मोठ्या जलाशयांची मोजणी तज्ज्ञांनीच करावयाची असते. नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था व पुण्याजवळील खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र या क्षेत्रात काम करतात. पण गावतलावासाठी खुणा केलेली काठी, दोरी व भ्रमणध्वनीतील जीपीएस यांवर कच्चा नकाशा करता येतो. भ्रमणध्वनीच्या स्थानात काही मीटरांचा फरक येतो व त्याने दाखविलेली उंची विश्वसनीय नसते; म्हणून पातळी नेहमी पट्टीवरूनच घ्यावी. पाण्यावर जाताना जीवरक्षक जाकीट घातल्यावाचून कोणीही नावेत बसू नये. उन्हाळ्यात तलाव कोरडा पडला, तर साध्या सर्वेक्षण उपकरणाने तळ मोजणे अधिक सोपे व सुरक्षित असते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी मोजणीचा दिनांक, त्या दिवसाची पट्टीची नोंद व नावेच्या वाटेचा नकाशा ग्रामपंचायतीच्या दप्तरी जतन करावा आणि पेरणीपूर्वीच्या ग्रामसभेत तो शेतकऱ्यांपुढे ठेवावा. आपल्या तलावात खरोखर किती पाणी आहे हे ठाऊक असलेले गाव पीकही त्या बेताने निवडते आणि पाळीवरून होणारे तंटेही टाळू शकते.